बारा न्यूटन-मीटर

नागदेवी स्ट्रीटला मुफद्दलशेठच्या दुकानात
तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी चहा सांगितला नाही.
तीन खोकी काउंटरवर मांडली सरळ.
"मेस्त्री, आज घेणार, की आजही नुसता हात लावून जाणार?"

हात लावूनच तर बघायचं होतं.

बावीस वर्षं माझगावच्या गल्लीत
मी मनगटाने बोल्ट आवळले.
लोखंड कुठे बसतं
आणि ॲल्युमिनियम कुठे कुरकुरायला लागतं
ते पेरांना कळायचं, कानाच्या आधी.
कुणी आकडा विचारलाच तर म्हणायचो,
घरी आमटीत मीठ काय तराजू लावून घालतात?

जूनपासून उजव्या हाताची तीन बोटं
पाहुण्यासारखी वागतात.
नायरच्या डॉक्टरीणबाई टाचणी टोचत विचारत होत्या,
इथे? इथे? आणि इथे?
मी त्यांच्या भुवया बघून हो म्हणत होतो.

मग कर्णिकांच्या स्कूटरचे आटे गेले.
चेंबरचा बोल्ट, चोवीसचा,
मी आवळतोय, आवळतोय,
आणि तो अचानक मऊ झाला
लोण्यात सुरी जावी तसा.
कर्णिक भला माणूस. म्हणाला, होतं असं.
माझ्या हातून होत नव्हतं.

पहिलं खोकं: अर्धा इंची, दोनशेपर्यंत.
हातात घेतला की रुबाब येतो.
शेठ म्हणाले, "ट्रकवाल्यांना ठीक.
खालच्या चाळीसात याच्या शब्दावर जाऊ नका,
मोठ्या माणसाला चिल्लर मोजता येत नाही."
दुसरा स्वस्त, कॅलिब्रेशनचा कागद नाही,
आणि सेल असला, की बटणाएवढा,
रात्री नऊला संपला तर आणायचा कुठून?
तिसरा पाऊण हात लांब, सहा ते साठ,
उलटा फिरवला तरी खरं बोलणारा.

शेठनी बाकातला बोल्ट दाखवला. बारा लावले.
"आवाज येईल." आला. पण माझ्या गल्लीत
समोर पत्रा ठोकतात दिवसभर.
"मूठ थरथरेल. जाणवतेय ना, मेस्त्री?"

हो, म्हणालो.

शेठनी माझ्याकडे पाहिलं,
मग पाना हळूच वळवून
पडदा माझ्याकडे केला.
हिरवं, पिवळं, लाल.
"हा दिवा बघत जा," एवढंच म्हणाले,
आणि न मागता तीनशे कमी केले.
ते तीनशे मला फार लागले.

गॅरेजात आयुबला आधी शिवू दिला नाही.
त्यात एक सोय आहे: पाना काही सांगत नाही,
तुम्ही लावलेला जोर नुसता लिहून ठेवतो.
डोळे मिटून टॅपेट कव्हरचा बोल्ट आवळला,
बारा, माझ्या हिशोबाने, अगदी बारा.
डोळे उघडले.
एकोणीस पूर्णांक चार.

पुन्हा. सात.
पुन्हा. सोळा.
आयुब म्हणाला, मशीनच खराब असेल, उस्ताद.
त्याच्या हातात दिला. दिवा बघू नको म्हटलं.
अकरा पूर्णांक आठ.
पोरगं घाबरलं, चोरी सापडल्यासारखं.

शटर अर्धं ओढून मी डायरी काढली.
जून. जुलै. ऑगस्टचे सोळा दिवस.
कुठली गाडी, काय काम, कुणाचा नंबर.
एक्केचाळीस गाड्या या शहरात धावतायत
माझ्या बोटांना न कळलेल्या बोल्टांवर.
एक रोज पोराला शाळेत सोडते.
एक रात्रीची फ्रीवेवरून जाते.

पहिला फोन पेडणेकरबाईंना लावला.
पैसे नाहीत पडणार, म्हटलं, दहा मिनिटं फक्त.
"का हो, काही राहिलं का गाडीत?"

आयुब पाना फडक्याने पुसत होता,
पडदा विझायच्या आधी
त्याने तो शून्यावर आणून ठेवला.

"हो," म्हणालो. "राहिलंय.
उद्या सकाळी आणता का?"